कुमारवाचकांच्या पुस्तकगप्पा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाच्या बालविभागात गेली नऊ वर्षं मुलांची पुस्तकगप्पांची बैठक भरते. आईवडील, शिक्षक, दुसऱ्या गावांतले ग्रंथपाल आणि मुलं स्वतः जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं माझी आहेत, पण त्यांतली बरीचशी मला मुलांनी शिकवली.

बैठकीत नेमकं होतं काय?

नऊ ते सोळा वयाची मुलं शनिवारी दुपारी चारला जमतात. सतरंजीवर गोल करून बसायचं, आठवडाभरात ज्याने काही वाचलं असेल त्याने त्यावर बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि मग प्रश्न विचारायचे. बोलून झालं की चार ओळी एका चिठ्ठीवर लिहायच्या आणि ती चिठ्ठी त्या पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर, तारखेच्या पट्टीसमोर, डिंकाने चिकटवायची. पुढचा वाचक पुस्तक घेताना आधी चिठ्ठ्या वाचतो. आमच्याकडच्या ‘फास्टर फेणे’च्या एका प्रतीला इतक्या चिठ्ठ्या झाल्यात की ते पुस्तक नीट मिटत नाही. त्याला रबर लावून ठेवतो.

कुमारांचं पुस्तक म्हणजे कोणतं? बालसाहित्य आणि कुमारसाहित्य यांत फरक काय?

व्याख्येपेक्षा कपाटं बघितली तर लवकर कळेल. बहुतेक वाचनालयांत बालविभागाचं कपाट कमरेएवढं असतं. आठवीतला मुलगा त्याच्यापुढे गुडघ्यावर बसतो, चित्रांची पुस्तकं चाळतो, पऱ्यांच्या गोष्टी परत ठेवतो आणि उठतो. पलीकडच्या उंच कपाटात एकदम मोठ्यांच्या कादंबऱ्या. या दोन कपाटांच्या मधे जी दीड हात जागा आहे ना, तिथे आपल्या मुलांचं वाचन सुटतं. मी कितीतरी मुलांना त्या जागेतून रिकाम्या हाताने परत जाताना पाहिलंय.

इंग्रजीत साधारण आठ ते बारा आणि बारा ते अठरा या वयांसाठी वेगवेगळी पुस्तकं निघतात, दुकानांत त्यांच्या वेगळ्या मांडण्या असतात. मराठीत हा कप्पा पातळ आहे, पण रिकामा नाही. लहान गटासाठी ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या आहे, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे, दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे आहे. मोठ्या गटाचं जरा वेगळं. त्यांना जी पुस्तकं मनापासून भिडतात, त्यांतली काही मुळात मोठ्या वाचकांसमोर आली आणि मुलांनी आपलीशी केली. प्रकाश नारायण संतांची लंपनची पुस्तकं (‘वनवास’ 1994 मध्ये आलं) किंवा मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ (2004) ही त्यांतली. आम्ही या सगळ्यांसाठी मधलं एक कपाट केलंय. छातीएवढ्या उंचीचं आहे, आणि उंची मुद्दाम तेवढी ठेवली आहे.

मुलांच्या मताला एवढं महत्त्व कशाला? जाणत्यांनी चांगली पुस्तकं निवडून दिली की झालं, नाही का?

निवडून द्यायलाच हवीत. मीही देते. पण मराठीत मुलांची पुस्तकं लिहितात मोठे, निवडतात मोठे, विकत घेतात मोठे आणि पुरस्कार देतात तेही मोठेच. वाचणाऱ्याला विचारतं कोण? पाचवीतल्या मुलीने ‘हे पुस्तक माझ्या मावशीला आवडेल, मला नाही’ असं लिहून दिलं, तेव्हा आम्ही अशी कितीतरी पुस्तकं ओळखायला शिकलो. मुलांसाठी म्हणून छापलेली, पण आठवणींत रमलेल्या मोठ्यांसाठी लिहिलेली. पुढच्या खरेदीत तशी पुस्तकं कमी झाली आणि देवघेवीच्या नोंदवहीत फरक दिसला.

मत लिहायचं म्हणजे काय लिहायचं? गोष्ट थोडक्यात सांगितली तर चालेल?

गोष्ट सांगणं सोपं असतं, म्हणून मुलं तिथून सुरू करतात. करू द्यात. त्यानंतर आम्ही एकच विचारतो : ‘कुठल्या पानावर?’ आवडलं म्हणतोस, कुठल्या पानावर आवडलं? बोअर झालं, कुठल्या पानापासून? मूल पानं उलटत जातं, शोधतं, बोट ठेवतं. बोट ठेवलं की मत सुरू होतं. मग ‘भारी आहे’ या दोन शब्दांच्या मागे काय होतं ते आपोआप बाहेर येतं.

सहावीतल्या एकाने फास्टर फेणेबद्दल आधी नुसतं ‘लय भारी’ म्हटलं होतं. पान विचारल्यावर तो बराच वेळ शोधत बसला आणि म्हणाला, ‘काकू, ह्याला भीती वाटते पण हा सायकल थांबवत नाही, ते.’ फुरसुंगीच्या बनेश फेणेबद्दल मी वाचलेल्या परीक्षणांत हे इतक्या सरळ शब्दांत कुणी म्हटलेलं नाही.

‘या गोष्टीतून काय बोध मिळाला?’ हा प्रश्न तुम्ही विचारू देत नाही म्हणे. का?

हो, बैठकीचा तेवढा एकच नियम भिंतीवर लावलाय : तात्पर्य विचारायचं नाही.

बोधाचं उत्तर मुलांना पुस्तक न वाचताही देता येतं. खरं बोलावं, आईवडिलांचं ऐकावं, कष्टाचं फळ मिळतं. या तीन वाक्यांवर शाळेतली सगळी पुस्तक-परीक्षणं निभतात, आणि ती गाइडात छापलेलीही मिळतात. मी शाळेत असताना आम्हाला असंच एक परीक्षण फळ्यावर लिहून दिलं होतं. साठ वह्यांत साठ वेळा तेच. आमच्यातल्या निम्म्या मुलींनी ते पुस्तक हातातही धरलं नव्हतं. मी वाचलं होतं, दोनदा, आणि मला त्याबद्दल जे सांगायचं होतं ते आजवर कुणी विचारलेलं नाही.

बोध विचारला की मूल पुस्तकाकडे बघायचं सोडून आपल्या तोंडाकडे बघायला लागतं.

थोर पुस्तकाबद्दल मुलाने ‘आवडलं नाही’ म्हटलं तर? आमच्या घरी ‘श्यामची आई’वरून हेच झालं.

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि बहुतेक वेळा याच पुस्तकाबद्दल येतो. म्हणून सविस्तर सांगते.

साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहिलं आणि 1935 मध्ये ते छापून आलं. आपल्याकडच्या तीन-चार पिढ्या त्यावर वाढल्या. माझ्या आजीने ते मला वाचून दाखवताना तिचा आवाज भरून यायचा. त्यामुळे बारा वर्षांची मुलगी सतरंजीवर बसून ‘मला श्यामची आई नाही आवडली’ असं म्हणाली, तेव्हा माझ्याही आत काहीतरी कळवळलं. मागे खुर्चीत बसलेले एक आजोबा तर उठूनच उभे राहिले.

मी नेहमीचा प्रश्न विचारला. कुठल्या पानावर? तिने पोहण्याची रात्र उघडली (या पुस्तकात प्रकरणांना रात्री म्हटलंय). श्याम पाण्याला घाबरून लपतो, आई त्याला मारत मारत पोहायला पाठवते, ती. ती म्हणाली, ‘भित्र्या मुलाला मारून धीट करता येत नाही. मला पोहायच्या क्लासला असंच ढकललं होतं, मी अजून पाण्यात जात नाही.’ सगळे गप्प झाले. मग एक मुलगा म्हणाला, ‘पण पुढे वाच ना, आईलाही वाईट वाटतं.’ तिने वाचलं. आणि म्हणाली, ‘वाटतं. म्हणून मला ती वाईट वाटत नाही. पण मारायला नको होतं.’

ते आजोबा परत खाली बसले होते. थोड्या वेळाने त्यांनीच सांगितलं की त्यांना विहिरीत असंच ढकललं होतं, ते पोहायला शिकले, आणि ढकलणाऱ्या काकांशी पुढे कित्येक वर्षं नीट बोलले नाहीत. हे ते आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत बोलत होते.

आता सांगा, या मुलीने पुस्तकाचा अपमान केला का? तिने ते जितकं मनावर घेतलं, तितकं ‘मातृप्रेमाचे महन्मंगल स्तोत्र’ एवढंच लिहून मोकळं होणारा कुणीही घेत नाही. तिची चिठ्ठी आमच्या प्रतीत आहे. तिच्याखाली दुसऱ्या एका मुलाची आहे, त्याला हीच रात्र सगळ्यांत आवडली. दोन्ही राहू दिल्यात.

तुमच्या घरी तसं झालं असेल तर एवढंच करा. समजावू नका, पान विचारा. आणि मग तुम्हाला त्या पुस्तकातलं कोणतं पान आवडतं तेही सांगा, कारण तुम्हीसुद्धा वाचक आहात.

मूल बोलतच नाही. ‘छान होतं’ म्हणून उठून जातं. काय करावं?

वाट बघा. आमच्याकडे एक मुलगी सात महिने नुसती ऐकायला येत होती. पुस्तक वाचल्यावर लगेच बोलता येतंच असं नाही, मोठ्यांनाही येत नाही. जेवताना, बसमध्ये, भांडी लावताना, कधीतरी एक वाक्य बाहेर पडतं. त्या वेळी मोबाइल खाली ठेवा.

शेवट सांगायचा का?

नाही. बैठकीत कुणी शेवटाकडे निघालं की मुलंच कानावर हात ठेवतात. पण शेवट न सांगता शेवटाबद्दल खूप काही सांगता येतं, आणि हे मुलांना फार सुरेख जमतं. राम पटवर्धनांनी मराठीत आणलेलं ‘पाडस’ (1967) आठवीतल्या एका मुलीने शेवटची काही प्रकरणं उरली असताना मिटून चार दिवस दप्तरात ठेवलं होतं. काय होणार हे तिला कळलं होतं आणि ते वाचायचं नव्हतं. शेवटी वाचलं. चिठ्ठीवर लिहिलं : ‘शेवटची प्रकरणं रात्री एकट्याने वाचू नका. सकाळी वाचा, घरात कुणीतरी असताना.’ त्यानंतर ते पुस्तक सलग वर्षभर कपाटात टिकलं नाही.

कोणत्या वयाला कोणतं पुस्तक? ‘शाळा’ मुलांना द्यावी का?

वयाचे आकडे आम्ही पुस्तकावर घालत नाही, कारण दहा वर्षांची दोन मुलं सारखी नसतात. पण ‘शाळा’बद्दल काळजी खरी आहे आणि तिला सरळ उत्तर द्यायला हवं. नववीतला मुकुंद, आणीबाणीचे दिवस, पहिल्यांदा कुणीतरी आवडू लागणं, आणि मुलं एकमेकांत बोलतात तशी भाषा, शिव्यांसकट. एका वडिलांनी ते पुस्तक मुलाच्या हातून काढून घेऊन आमच्या टेबलावर आणून ठेवलं होतं. मी त्यांना विनंती केली, आधी तुम्ही वाचा. त्यांनी आठ दिवसांनी पुस्तक परत आणलं तेव्हा मुलगा बरोबर होता आणि दोघं कुठल्या तरी प्रसंगावरून वाद घालत जिना चढत होते.

आम्ही ते नववीपासून पुढे देतो. त्याआधी मागणाऱ्याला ‘घरी विचारून ये’ म्हणतो. ज्या गोष्टी त्या वयाच्या मुलांच्या मनात दिवसभर चाललेल्या असतात, त्या पुस्तकात सापडल्या तर त्यांना आपण एकटे नाही असं वाटतं. हे मला फार मोलाचं वाटतं.

शुद्धलेखन तपासता का?

पूर्वी तपासायचे. त्याचं वाईट वाटतं. सहावीतल्या एका मुलाने बोक्या सातबंडेवर लिहिलं होतं : ‘बोक्या आमच्या शेजारी रहायला पाहीजे होता.’ मी लाल पेनाने ‘रहायला’चं ‘राहायला’ केलं आणि ‘पाहीजे’चं ‘पाहिजे’ केलं. पुढच्या शनिवारी त्याची चिठ्ठी आली : ‘पुस्तक छान आहे.’ त्यात एकही चूक नव्हती. त्यानंतर कितीतरी महिने तो तेच तीन शब्द लिहीत राहिला. ती पहिली चिठ्ठी माझ्याकडे आहे, लाल खुणांसकट.

आता मी पेन हातात घेत नाही. ज्याला विचारावंसं वाटतं तो विचारतो, ‘काकू, पहिली की दुसरी वेलांटी?’ तेव्हा सांगते.

घरच्या बोलीत लिहिलं किंवा इंग्रजी शब्द आले तर?

चालतं. लंपनच्या पुस्तकांनी आम्हाला हे शिकवलं. तो बेळगावकडच्या गावात आजी-आजोबांकडे राहणारा मुलगा, त्याच्या मराठीला कानडीचा लहेजा. आमच्याकडच्या मुलांना सुरुवातीला ती पानं अवघड गेली, दोघांनी अर्ध्यात सोडली. मग बेळगावला आजोळ असलेल्या एका मुलाने दोन पानं मोठ्याने वाचून दाखवली, त्याच्या आजोबांच्या ढंगात. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली आणि तीन प्रती एकाच दिवशी गेल्या. त्याची चिठ्ठी : ‘मनात वाचू नका. तोंडाने वाचा.’ त्याला पुस्तकाची किल्ली सापडली, कारण ती भाषा त्याच्या घरची होती. मग मत देताना घरची भाषा दाराबाहेर ठेवायला कसं सांगणार?

इंग्रजी माध्यमातल्या मुलांचं काय? आणि अनुवाद वाचलेले चालतील?

मुलं इंग्रजीत वाचून मराठीत बोलतात, चालतं. अनुवादांचं तर मी आवर्जून सांगेन. शांता शेळके यांची ‘चौघीजणी’, चेतना सरदेशमुख गोसावी यांनी केलेलं ‘तोत्तोचान’, अशोक जैन यांनी मराठीत आणलेला सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा. मराठी वाचायला अडखळणारी मुलं फेलूदापासून सुरू करतात असा माझा अनुभव आहे. रहस्य पुढे ओढत नेतं, जोडाक्षरं आड येत नाहीत.

तोत्तोचानवर बोलताना मात्र सावध असा. रेल्वेच्या डब्यांत भरणाऱ्या त्या शाळेबद्दल वाचून मुलं स्वतःच्या शाळेबद्दल बोलायला लागतात आणि थांबत नाहीत. ऐकून घ्या.

तारे देता का? पाचपैकी चार वगैरे?

नाही. एकदा करून पाहिलं. मुलं तारे मोजायला लागली आणि चिठ्ठ्या वाचेनात.

मत नेटवरून किंवा मोबाइलला विचारून उतरवून आणलं तर?

कळतं. अशा मतात पान नसतं. रागवत नाही, ‘कुठल्या पानावर?’ विचारतो. ज्याने वाचलेलं नसतं तो पुस्तक घरी घेऊन जातो.

दोघांची मतं टोकाची असली तर भांडणं होत नाहीत?

होतात, आणि व्हायला हवीत. फक्त मतावर बोलायचं, माणसावर नाही. ‘तुला काय कळतं’ हे वाक्य आलं की बोलणाऱ्याने पाणी पिऊन यायचं. फास्टर फेणेवरून मुलींचा एकदा जोरदार वाद झाला. मामेबहीण-चुलतबहिणींना गोष्टीत जास्त कामं मिळायला हवीत, असं निम्म्या जणींचं म्हणणं. बाकीच्या म्हणाल्या, माली आहे की! मग दोन्ही बाजूंनी पुस्तकं काढून पानं मोजली. मला तर तो शनिवार सगळ्यांत आवडलेल्या शनिवारांपैकी एक आहे.

मुलांचं मत लेखकापर्यंत पोहोचतं का?

पोस्टकार्डाने पोहोचतं. पन्नास पैशांचं कार्ड, पत्ता पुस्तकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर असतो तो प्रकाशकाचा, आणि ‘लेखकांस द्यावे’ एवढं लिहायचं. प्रत्येक कार्डाला उत्तर येत नाही. आलं की मात्र ते फळ्यावर लागतं.

पुस्तकं आणायची कुठून? आमच्या गावात दुकान नाही.

बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतंय. त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. गावात एक फोन आणि एक छपाईचं यंत्र असलं तरी त्यातल्या कथा काढून वाटता येतात. नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं स्वस्त असतात. पाचगणीजवळचं भिलार जवळ असेल तर मुलांना एकदा न्याच. 2017 पासून ते पुस्तकांचं गाव झालंय, घराघरांत विषयवार पुस्तकं मांडलेली आहेत. आमची मुलं तिथे एका ओसरीवर बसली ती दुपारच्या जेवणालाही उठेनात.

आमच्याकडे सुरू करायचं आहे. कमीत कमी काय लागतं?

वीस पुस्तकं, एक सतरंजी, डिंकाची बाटली, पाठकोऱ्या कागदांच्या चिठ्ठ्या आणि दर आठवड्याला न चुकता येणारं एक मोठं माणूस. मुलं कमी आली तरी बैठक मोडू नका. आमच्या पहिल्या शनिवारी दोघंच होती, आणि त्यातला एक पाऊस थांबेपर्यंत आडोशाला म्हणून आत आला होता. तो यंदा बारावीला आहे. मधलं कपाट कुठल्या क्रमाने लावायचं ते अजून तोच ठरवतो.